पाणी ग्रुपवर

सोपान धनवडे तीस वर्षं नगरपालिकेचे व्हॉल्व्हमन. पूर्वी सकाळी त्यांच्या सायकलची घंटी वाजली, की आळीतल्या बायका हंडे नळाखाली लावायच्या आणि कुणीतरी चहाला हाक मारायचंच. नळाला पाणी आलं, हीच त्यांची हजेरी.

मग नवे मुख्याधिकारी आले. "व्हॉल्व्हपाशी पोचलात की फोटो ग्रुपवर टाकायचा. मी ग्रुपवर ओके म्हटल्याशिवाय चावी फिरवायची नाही," त्यांनी फर्मावलं.

"साहेब, तुमचं ओके यायला उशीर झाला तर?"

"थांबायचं! जास्त शहाणपणा नको."

धनवडेकाका थांबू लागले. मोबाइलमध्ये मान घालून बसता बसता घंटी वाजवायची राहून गेली, चहाच्या हाकाही बंद पडल्या.

एके सकाळी त्यांनी साहेबांच्याच कॉलनीतल्या व्हॉल्व्हचा फोटो टाकला. ओके काही येईना. पाऊण तासाने साहेबांचा फोनच आला.

"अहो धनवडे, डोक्याला साबण लावून उभा आहे मी! पाणी कुठंय?"

"ग्रुपवर आहे, साहेब. साडेसहालाच फोटो टाकलाय. तुमचं ओके तेवढं राहिलंय."

"ओके! ओके! सोडा आता!"

"असं तोंडी नको साहेब. ग्रुपवर."

"डोळ्यांत साबण गेलाय हो माझ्या! तुमचं तुम्ही सोडा, उद्यापासून फोटोबिटो बंद!"

काकांनी मोबाइल खिशात टाकला, दोन्ही हातांनी चावी फिरवली आणि सायकलवर टांग मारली. पुढच्या आळीत शिरताना त्यांनी घंटी वाजवली. हंडे खणखणले आणि कुठल्याशा दारातून आवाज आला, "काका, चहा टाकलाय!"