पांढऱ्या शेपटीमागे

सागाच्या एका दाट रानात एक हरिणी आपल्या एकुलत्या एका पाडसासह कळपात राहत होती. त्याच रानातला पोपट मोठा पंडित होता. म्हाताऱ्या हत्तीच्या पाठीवर बसून त्याने हत्तीचे सारे शहाणपण 'असे झाले, तर तसे करावे' अशा नियमांत पाठ केले होते. शेजारच्या झाडावरची वानरी मात्र दिवसभर इतरांच्या नकला करी. तिला कोणी हिंग लावून विचारत नसे.

एकदा बिबट्या आला, कळप उधळला आणि पाडस हरवले. दिवस कलला होता. अंधार पडताच बिबट्या पुन्हा फिरकणार, या धास्तीने हरिणीच्या तोंडचे पाणी पळाले. ती पोपटाकडे धावली. तो घडाघडा म्हणाला, "पाडस हरवले, तर पाणवठा पाहावा. तेथे नसेल, तर जांभळीखाली पाहावे." दोन्हीकडे पाहून झाले. पुढचा नियमच पोपटाकडे नव्हता.

तेव्हा वानरी खाली उतरली. "पळताना काय करायचे, म्हणून शिकवले होतेस ग त्याला?"

"माझ्या शेपटीचे पांढरे नजरेआड होऊ द्यायचे नाही," हरिणी म्हणाली.

कळप जिथून उधळला होता, तिथे जाऊन वानरी जमिनीलगत वाकली आणि भेदरल्यासारखी पळत सुटली. तीच अडखळती चाल, तेच मान वळवून पाहणे. आपले बाळच पुढे धावते आहे, असे हरिणीला वाटले. वाटेत झुडपे आडवी आली, पुढचे काही दिसेना. इतक्यात दूर ओढ्याकाठी पांढरे काही हलले आणि वानरी बेधडक तिकडे वळली. पाहतात तो काय, वाऱ्यावर डुलणारे गवताचे पांढरे तुरे! वानरी चुकली होती, पण अगदी पाडसासारखी चुकली होती. तुऱ्यांमागे पाडस पोटापर्यंत चिखलात रुतून थरथरत होते.

हरिणी उडी घेणार, तोच मागोमाग उडत आलेला पोपट म्हणाला, "थांब. चिखलात कोणी रुतले, तर आपण उतरू नये, फांद्या अंथराव्यात." वानरीने भराभर फांद्या टाकल्या. त्यांवर पाय रोवत पाडस बाहेर आले आणि आईला बिलगले.

"माझ्या बाळाचे मन तुला कसे ग कळले?" हरिणीने भारावून विचारले.

"मी थोडा वेळ त्याच्यासारखी घाबरले, एवढेच," वानरी म्हणाली. "पण त्याला बाहेर कसे काढायचे, ते या पोपटदादालाच ठाऊक होते."

तात्पर्य : रुतलेल्याला बाहेर काढायला जाणत्यांचे नियम हवेत, पण वाट चुकलेला कुठे गेला, हे कळायला त्याच्याच मनाने चालून पाहावे लागते.