शिंकेने अडलेले विमान

विमानाला चाळीस राजहंस जुंपलेले असत की बेचाळीस, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. पण येसूच्या आईच्या हातातले चांदीचे गोठ त्याच्या भाड्यात गेले होते आणि ते काही केल्या परत मिळत नव्हते, एवढे नक्की.

विमान म्हणजे बांबूची एक भली मोठी टोपली. हंस ती उचलत आणि सात डोंगरांपलीकडे नेऊन ठेवत. येसूचा बाप सतवा बुरूड. टोपली त्यानेच विणलेली. पण विणणाऱ्याला भाडे माफ नव्हते. थोरल्या लेकीच्या बाळाचे बारसे डोंगरांपलीकडे होते, म्हणून सतवाने बायकोच्या माघारी उरलेली तेवढी एकच वस्तू, तिचे गोठ, कारभाऱ्यापुढे ठेवले आणि दोन जागा घेतल्या.

निघायच्या दिवशी त्याला शिंका लागल्या. एक नाही, दोन नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. बरगड्या दुखून आल्या, घास गिळवेना. वैद्य म्हणाला, वरची गार हवा लागली तर हा टोपलीतच गार होईल. येसूने बापाला अंथरुणावर निजवले. विमान त्यांच्याविना उडाले, बारसे त्यांच्याविना झाले, आणि येसू गोठ परत मागायला गेली.

कारभारी त्रिंबकपंतांनी बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. पाठीमागच्या ताम्रपटाकडे नुसते बोट केले. त्यावर कोरले होते की घेतलेले भाडे परत नाही. ताप आला तरी नाही, पाय मोडला तरी नाही, प्रवासी मेला तरी नाही. येसूने विचारले, मेलेला माणूस कधी भाडे मागायला येतो का? पंत म्हणाले, एकाचे भूत आले होते. त्यालाही दिले नाही.

मग ती थेट राजा हंबीरसेनापुढे जाऊन उभी राहिली. ताम्रपट राजाच्या आजोबांचा, आणि हट्टही त्यांच्याकडूनच आलेला. राजाने सगळे ऐकून घेतले आणि मिशीवरून हात फिरवला.

"बाप आजारी होता, मान्य. पण तू तर ठणठणीत होतीस. तुला जाता आलं असतं."

"बाप अंथरुणावर असताना पाय निघतो का, महाराज?"

"न निघायला काय झालं? आजार त्याचा, पाय तुझे."

दरबाराने माना डोलावल्या. राजाला आपलेच बोलणे इतके आवडले की त्याने तिथल्या तिथे पैज लावली. एकाच्या दुखण्याने दुसऱ्या धडधाकट माणसाचा पाय अडलेला त्याला डोळ्यांनी दाखवायचा. दोरी बांधायची नाही, धरायचे नाही, विनवायचेही नाही. दाखवला तर गोठ परत. नाही तर सतवाने वर्षभर विमानाच्या टोपल्या फुकट विणायच्या.

येसूच्या बापाला धड बसवत नव्हते, विणणार कुठून? पण बाहेर पडता पडता तिला कळले की शुक्रवारी राजा स्वतः विमानाने मेहुण्याकडे आंब्याच्या पंगतीला निघाला आहे. ती मागे फिरली आणि तिने एकच मागणे घातले. बाबांनी टोपली विणली खरी, पण ती उडताना कधी पाहिली नाही. शुक्रवारी त्यांना मैदानाच्या कडेला बसू द्यावे. राजा उदार मनाने म्हणाला, येऊ दे. शिंकतो तर शिंकू दे.

जमिनीवरची हवा चालेल ना, असे वैद्याला विचारून येसूने बापाला घोंगडीत गुंडाळले आणि शेजाऱ्यांकडून बाजेसकट मैदानात आणवले. मुहूर्त झाला. राजाने उजवा पाय टोपलीत टाकायला उचलला.

"आक्छी!"

निघताना शिंक झाली की खाली बसायचे, पाणी प्यायचे आणि मग निघायचे, ही रीत त्या राज्यातही होती. राजाचा पाय आपसूक मागे आला. पैज आठवताच तो म्हणाला की मोजडीत खडा गेला आहे. बसला, पाणी प्याला, उठला. सतवा पुन्हा शिंकला. आता राजाला आठवले की राणीसाहेबांचा निरोप घ्यायचा राहिला. राणीसाहेब त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. तिसऱ्या शिंकेला त्याने हंसांची पाहणी काढली आणि एकेकाचे नाव विचारले.

दुपारपर्यंत राजा अकरा तांबे पाणी प्याला होता. मेहुण्यासाठी घेतलेल्या करंज्या हंसांनी संपवल्या होत्या आणि नऊ हंस झोपले होते. पंत कानाशी लागले की त्या बुरुडाला हाकलून देऊ या. पण कशासाठी हाकलायचे? शिंकेसाठी, असे म्हणायची सोय नव्हती.

येसू पुढे आली आणि तिने हात जोडले.

"महाराज, मुहूर्त टळून गेला. विमान का अडलंय?"

"कुठं अडलंय? हा काय, निघालोच."

"मग बसा ना."

राजाने पाय उचलला. तिकडे बाजेवर सतवाचे डोळे मिटले, नाकपुड्या फुगल्या, तोंड उघडले. राजाचा पाय अधांतरी थांबला. शिंक येईना आणि पाय पुढे जाईना. सगळे मैदान एकदा नाकाकडे पाही, एकदा पायाकडे.

"महाराज," येसू हळूच म्हणाली, "आजार त्यांचा आणि पाय तुमचा. तुम्ही तर त्यांचे कुणीच लागत नाही. मी लेक आहे."

एका पायावर उभा असलेला राजा आधी हसू दाबू लागला. मग ते फुटले, आणि तो हसता हसता तोल जाऊन मैदानातच बसला. सतवा शेवटी शिंकला, पण त्या हसण्यात ते कुणालाच ऐकू आले नाही. राजाने गोठ मागवून स्वतःच्या हाताने येसूच्या ओंजळीत ठेवले. सतवा बरा झाला की दोघांनी बाळाला बघायला फुकट जावे, असे सांगितले. आणि घरचे माणूस आजारी पडल्यास भाडे परत, ही नवी ओळ ताम्रपटावर पंतांनी स्वतः कोरावी, असा हुकूम सोडला.

सतवाने सोंग तर केले नव्हते ना, ही शंका मात्र फार दिवस माझ्या मनात होती. कित्येक वर्षांनी त्याच्याच कुळातल्या एका म्हाताऱ्या बुरुडाला गाठून खात्री करून घेतली. त्या शुक्रवारनंतरही सतवा आणखी अकरा दिवस शिंकत होता.