भोजनशाळेला पुरेल असा गालिचा

एका राज्यात दुपारची पंगत राजवाड्यात बसे, आणि त्या वेळी दारात जो येईल त्याला राजाच्या पंगतीला पाट मिळे. राजाचे नाव प्रतापधवल, राणीचे मेघावती, आणि त्यांना एकुलती एक लेक, शशिरेखा. भोजनशाळेची फरशी काळ्या दगडाची, भर उन्हाळ्यातही गार. म्हाताऱ्या सरदारांचे गुडघे धरत, म्हणून राणीने तिथे गालिचा अंथरायचे मनावर घेतले. हेतू चांगला होता, पण हौस हेतूच्या पुढे धावली.

तिने दरबारची माणसे मोजून पाट मांडले, पाटांपुढे ताटे मांडली आणि नेमक्या तेवढ्याच मापाचा डाळिंबी गालिचा विणून घेतला. वीतभरही जास्त नको म्हणाली, रिकामा गालिचा ओकाबोका दिसतो. चटई घ्यायची ती येणाऱ्याजाणाऱ्याचा पाट धरून घ्यायची, हे झोपडीतल्या सुनेलाही कळते. राणीला कोण सांगणार?

पहिल्याच दिवशी पंगत बसली, राणी स्वतः तूप वाढू लागली, तोच दारात एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडी, पाय चिखलाने भरलेले. गालिच्यावर जागा नव्हती. असती तरी ते पाय पाहून राणीने दिली नसती, हेही सांगून टाकलेले बरे. तिने त्याचा पाट बाजूला, उघड्या फरशीवर मांडायला लावला.

म्हातारा पाटावर बसला नाही. तो कालकंठ मांत्रिक होता.

"राणी, तू पंक्तिप्रपंच केलास," तो म्हणाला. "आता ही पंगत उठणार नाही. सगळ्यांना पुरेल असा गालिचा अंथरशील, तेव्हाच उठेल."

एवढे बोलून तो चालू लागला. राजाने घास उचलला होता. तो तोंडाशी येता येता राजाचा हात लाकडाचा झाला, मग राजा लाकडाचा झाला. ओळीने सरदार, त्यांच्या बायका, पुरोहित, सगळे लाकडाचे झाले, आणि डाळिंबी गालिच्याची माती झाली. शशिरेखा ओळीत शेवटची होती. तिच्या पायांची बोटे तेवढी लाकडाची झाली. तिथून पुढे शाप भिंतीला ओल चढावी तसा सावकाश चढू लागला. राणी वाढायला उभी होती म्हणून वाचली. वाचली म्हणायचे आपले.

खिडकीत एक साळुंकी बसत असे. तिने राणीला सांगितले की पाताळात नागराजाजवळ सोन्याच्या तारांचा गालिचा आहे आणि तो हवा तेवढा पसरतो. राणी वारुळाच्या वाटेने पाताळात उतरली. नागराजाने गालिच्याच्या बदल्यात तिच्या केसांचा काळा रंग मागितला. तिने दिला, आणि पांढऱ्या केसांनी ती घरी आली. सोन्याचा गालिचा राजाच्या पाटाखाली सरसर पसरला, सरदारांच्या पाटांखाली पसरला. मग राणीने द्वारपालाचा पाट मांडला, तसा तो आक्रसून राजाच्या पायाशी गोळा झाला. शशिरेखा गुडघ्यापर्यंत लाकडाची झाली होती.

साळुंकी म्हणाली की गिधाडांच्या डोंगरावर पिसांचा गालिचा आहे, तो कुणाला नाही म्हणत नाही. राणी डोंगर चढली. गिधाडांच्या राणीने तिची झोप मागून घेतली. पिसांचा गालिचा मात्र खरेच गुणाचा निघाला, द्वारपालाखाली पसरला, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराखालीही पसरला. राणीचा जीव भांड्यात पडला. तिने वाढायला सुरुवात केली, आमटीचा एक थेंब खाली सांडला आणि सगळा गालिचा भुर्रकन जळून गेला. ज्यावर आमटी सांडलेली चालत नाही, त्यावर माणसांनी जेवावे तरी कसे? शशिरेखा छातीपर्यंत लाकडाची झाली होती. तिला श्वास घेताना त्रास होत होता आणि ती तो लपवत होती.

साळुंकीजवळचे गालिचे संपले. तिने राणीला सांगितले, ज्याचा शाप त्यालाच विचार. राणी स्मशानापलीकडच्या शेवरीखाली कालकंठापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, मापे घेऊन थकले. त्या भोजनशाळेला काय शोभेल, ते तुम्हीच सांगा."

"शोभेल ते तू दोनदा आणलेस. पुरेल ती ही घोंगडी. हिला डाग दिसत नाही, विटाळ लागत नाही, कुणाचेही पाय पडले तरी ही आखडत नाही. पण अंथरणाऱ्याला हिच्यावर जागा नाही. त्याने उघड्या फरशीवर बसावे. सगळ्यांचे लाकूड त्याच्या अंगात उतरेल."

"लेक उठेल?"

"पंगत पुरी झाली तर उठेल. एक जण जरी भरल्या ताटावरून उठला, तर सगळे पुन्हा लाकडाचे."

हे सांगताना म्हाताऱ्याने मान खाली घातली होती. दिलेला शाप त्यालाही मागे घेता येत नव्हता. राणीने घोंगडी उचलली आणि ती निघाली.

घोंगडी एका माणसाची, पण अंथरली तशी वाढत गेली. राजाखाली गेली, सरदारांखाली गेली, द्वारपाल, मोतद्दार, पाणक्या, वाटेवरून बोलावून आणलेले वाटसरू, सगळ्यांखाली गेली. राणीने सगळ्यांना वाढले आणि भरल्या ताटावरून कुणी उठायचे नाही असे बजावले. मग लेकीशेजारी, घोंगडीच्या कडेबाहेर, ती गार दगडावर बसली.

"आईसाहेब, तुम्ही तिथे का बसलात?"

"मला इथे बरे वाटते. काही दिसले तरी उठायचे नाही, शशी. जेव."

शशिरेखेने पहिला घास घेतला. तिकडे राजाचा हात तोंडापर्यंत पोचला आणि राजा घास चावू लागला. सरदार खोकले, बायकांच्या बांगड्या वाजल्या. शशिरेखेच्या छातीत ऊब आली, गुडघ्यांत आली, आणि तिला दिसले की आईची बोटे हलत नाहीत. मग हात हलेनात. मुलगी पाटावरून अर्धी उठली.

राणीच्या गळ्याशी लाकूड आले होते. तिला फार भीती वाटत होती. ती एवढेच म्हणाली, "बस. अजून ताकभात राहिलाय."

शशिरेखा खाली बसली. तिने ताकभात कालवला. मीठ घालायची गरज पडली नाही. एकेक घास गिळत तिने ताट पुसून स्वच्छ केले, आणि मगच मान वळवून आईकडे पाहिले. राणी तिच्याकडे बघत लाकडाची झाली होती.

पंगत उठली. शाप सुटला. राज्यात पुन्हा दुपारची पंगत बसू लागली, आणि घोंगडी कधीच कुणाला अपुरी पडली नाही.

जशी त्यांची पंगत पुरी झाली, तशी तुमची आमची होवो, आणि ताकभाताची आठवण करून देणारे माणूस समोर हसत बसलेले असो.