दगडीपाल्याच्या वशाची कहाणी

ऐक पालाई माते, तुझ्या पानाची कथा. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर आटपाट नगर वसलं होतं. तिथल्या राजानं नदीला दगडी घाट बांधायला काढला. दूरदूरचे पाथरवट आणून वसवले. त्यांत केरबा म्हणून एक पाथरवट होता. त्याची बायको अनसाबाई. पदरी एक मुलगी, सगुणा. घरी दारिद्र्य फार. केरबानं दिवसभर छिन्नी चालवावी, तेव्हा कुठं चूल पेटावी.

एके दिवशी काय झालं? छिन्नी निसटली आणि केरबाच्या पोटरीत शिरली. रक्ताची धार लागली. जखम बांधली, ती चिघळली. काम बंद पडलं, चूल थंडावली. मग अनसाबाई नदीवर चिंध्या धुवायला गेली आणि धुता धुता रडू लागली. तिथं एक म्हातारी आली. डोक्यावर मोळी होती, अंगावर फाटकं लुगडं होतं. ती साक्षात पालाई होती, पण अनसाबाईनं ओळखलं नाही.

म्हातारी म्हणाली, "बाई बाई, रडतेस का?"

"काय सांगू आजीबाई? घरधन्याची जखम भरत नाही."

"त्याला एक वसा आहे. पण तुला सांगून उपयोग काय? गुण येईल, मान मिळेल, मग वशाची आठवण राहायची नाही."

"राहील आजीबाई. शपथ घेते."

"शपथ नको. कान दे."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "श्रावणातल्या दर बुधवारी न्हाऊन बांधावर जावं. दगडीपाला ओळखावा. पान खरखरीत, कडा दातेरी, एका लांब दांडीवर एकच फूल, मधे पिवळं, कडेनं पांढुरकं. त्याला हळदकुंकू वाहावं. पानं खुडावी, मूळ उपटू नये. कोणाला लागलं, तर कडुनिंबाचा पाला पाण्यात उकळावा, पाणी निववावं, त्यानं जखम धुवावी. दगडीपाला धुवून ठेचावा, रस जखमेवर पिळावा, वर चोथा ठेवावा, धुतलेल्या फडक्यानं बांधावं. आणि जो विचारील, त्याच्या हातात पान देऊन ते ओळखवावं. हे शेवटचं चुकलं, तर आधीचं सगळं व्यर्थ."

अनसाबाईनं सांगितल्याप्रमाणे केलं. पहिल्या दिवशी ठणका थांबला. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. नवव्या दिवशी जखमेच्या कडेनं गुलाबी कातडी धरली. केरबा कामावर गेला.

मग पाथरवट तिच्याकडे येऊ लागले. कोणाचं बोट चेचलं, कोणाच्या मांडीला चीर गेली. अनसाबाईनं बांधावं आणि जखम भरावी. कोणी जोंधळे आणले, कोणी खण आणला. पाणवठ्यावर बायका तिला वाट देऊ लागल्या. "अनसाबाईच्या हातालाच गुण आहे," असं म्हणू लागल्या. अनसाबाईला ते गोड वाटलं. मनात आलं, पान सगळ्यांनी ओळखलं तर आपल्या दारी कोण येईल? मग तिनं पाला पदराखाली झाकून आणावा, दार लावून ठेचावा. जखम बांधून झाली, की हिरवा डाग दिसू नये म्हणून फडक्यावर चुलीतली राख चोपडावी.

एक दिवस धाकटी जाऊ द्वारका आली. म्हणाली, "जाऊबाई, पान कोणतं ते सांगा की. माझी पोरं रोज पडतात. दर वेळी तुमच्या उंबऱ्यावर किती उभं राहू?"

"औषध सांगितलं की गुण जातो."

"गुण जातो, का मान जातो?" द्वारकेनं तोंडावर विचारलं. अनसाबाईनं पाठ फिरवली.

मग ठकूबाई धनगरीण आली. म्हणाली, "माझ्या मेंढीला लांडग्यानं ओरबाडलंय. पान सांग बाई, मी रानातच असते, तिथंच शोधीन."

"ते रानात मिळत नाही. माझ्याच घरी मिळतं."

"असं होय? मग लांडग्यालाही तुझ्याच घरी धाडते!" असं म्हणून धनगरीण निघून गेली.

मग सगुणेचं लग्न झालं. सासर नदीपलीकडे, समोरच्याच गावी. निघताना तिनं विचारलं, "आई, तिथं शेताचं काम, हाती विळा. लागलं तर काय लावू?"

"लागलं तर माहेरी ये."

"आणि नदी आडवी आली तर?"

"नदी काय रोज आडवी येते?" अनसाबाई म्हणाली. मुलगी सासरी गेली.

श्रावण आला. बुधवारी अनसाबाई न्हाली, बांधावर गेली, हळदकुंकू वाहिलं. वसा पुरा झाला, असं तिला वाटलं. इतक्यात नदीकडून हाक आली. आठवडाभर नदीला पूर होता. पात्र खडकांत अरुंद, पण पाणी असं की हाक पोचेल, माणूस पोचणार नाही. पलीकडे जावई उभा होता. ओरडून म्हणाला, "अहो सासूबाई! सगुणेला विळा लागला. तळहात फाटला. पाच दिवस झाले, हात कोपरापर्यंत सुजलाय. वैदू म्हणतो, उद्यापर्यंत उतार पडला नाही, तर हात तोडावा लागेल!"

"लावलं काय?"

"तुम्ही लावता तेच! राख!"

सगुणेनं माहेरी तेवढंच पाहिलं होतं.

मग अनसाबाई बांधाकडे धावली, पाला खुडून आणला. नावाड्याचे पाय धरले. तो म्हणाला, "बाई, राजा आला तरी आज नाव घालायचा नाही." मग तिनं पाला दगडाला बांधून फेकला. नदीनं गिळला. दुसऱ्यांदा फेकला. गिळला. तिसऱ्यांदा फेकला. तोही गेला.

तेवढ्यात मोळी घेऊन ती म्हातारी आली. "बाई बाई, काय फेकतेस?"

"पाला फेकते आजीबाई. माझ्या लेकीचा हात जातो."

"पाला त्या काठालाही आहे. तिथं जे नाही, ते फेक."

अनसाबाईनं ओळखलं. पाय धरायला वाकली, तो म्हातारी नाहीशी झाली.

मग अनसाबाई उभी राहिली आणि ओरडली, "दगडीपाला!" घाटावर सारं गाव जमलं होतं. सगळ्यांनी ऐकलं. पण एवढ्यात पाणी आणखी चढलं होतं, त्याच्या आवाजात जावयाला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा ओरडली. घसा बसला. मग द्वारका पुढं आली. "जाऊबाई, तुम्ही हळू सांगा. मोठ्यानं आम्ही म्हणतो." ठकूबाई मेंढरं सोडून आली. वीस बायका काठावर उभ्या राहिल्या. अनसाबाईनं एकेक सांगावं, बायकांनी एका सुरात म्हणावं.

"राख धुवून टाक! कडुनिंबाचं पाणी उकळ! निववून घे! पान खरखरीत! दांडी लांब! दांडीला फूल एकच!"

जावई वाकला, बांधावरचं एक रोप खुडून वर धरलं. "हे?"

"ते नव्हे! त्याला फुलांचा झुबका आहे!"

दुसरं खुडलं, वर धरलं. लांब दांडी वाऱ्यावर डोलली. "हे?"

"तेच! तेच! धुवून ठेच, रस पिळ, चोथा बांध!"

"आणि मूळ उपटू नकोस रे, जावईबापू!" ठकूबाई म्हणाली. जावई घराकडे पळाला.

अनसाबाई काठावरच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर जावई आला. म्हणाला, "सूज मनगटाच्या खाली आली! वैदू माघारी गेला!" बायकांनी देवीच्या नावाचा गजर केला.

नवव्या दिवशी पूर ओसरला. अनसाबाई नावेनं पलीकडे गेली. लेकीचा हात हाती घेतला. जखम मिटली होती, गुलाबी कातडी धरली होती, पण करंगळी वाकत नव्हती. अनसाबाई म्हणाली, "ही करंगळी माझ्या पापानं गेली, सगुणे."

सगुणा म्हणाली, "नऊ बोटांनी भाकरी थापता येते, आई. पण सासूबाईंना पान अजून नीट ओळखता येत नाही. चल, त्यांना दाखव."

मग अनसाबाई लेकीच्या सासूला घेऊन बांधावर गेली. वाटेत शेजारीण भेटली, तिलाही घेतलं. एकेकीच्या हातात पान दिलं, नाव म्हणवून घेतलं. तिथून पुढं दर श्रावणात तिनं असंच केलं, आणि दारी आलेल्या कोणालाही नाही म्हटलं नाही.

जशी पालाई अनसाबाईला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. आपल्या घरच्यांच्या जखमा भरोत, हात धड राहोत. पान ओळखाल, ते दुसरीला ओळखवा. साठां उत्तरांची ही कथा पाचां उत्तरीं सांगितली, देवीच्या पायी वाहिली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.