डालग्याखालची चितळी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. गावाची चूक मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, म्हणून ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी ते गाव होतं. घरोघरी पाच-सहा कोंबड्या. रोज सकाळी खुराडं उघडलं की बायका एकेक कोंबडी उचलायच्या, शेपटीखाली बोटानं चाचपायच्या आणि सांगायच्या, "हिला आज आहे," "हिला आज नाही." जिला नाही, ती उकिरड्यावर चरायला मोकळी. जिला आहे, तिला अंगणात डालग्याखाली झाकायचं, म्हणजे ती शेजारणीच्या कुडाआड जाऊन अंडं घालणार नाही. डालगं म्हणजे बांबूची मोठी पालथी टोपली. इथवर सगळं शहाणपणाचंच होतं.

पण कधी कधी एखादीला सकाळी अंडं हाताला लागायचं आणि दिवस मावळला तरी ती ते घालायची नाही. शेपूट पाडून, पिसं फुलवून गप्प उभी राहायची. अशा कोंबडीला गाव म्हणायचं, "रुसली." आणि रुसलेल्या कोंबडीसाठी गावाचा कायदा होता. दाणा बंद, पाणी बंद, तीन दिवस डालगं. तेवढ्यात रुसवा सोडला तर ठीक, नाही तर चौथ्या दिवशी रस्सा.

हा कायदा कुणी केला, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्याला पुरावा होता. चौथ्या दिवशी कोंबडी कापली, की पोटात अख्खं अंडं निघायचं. मग कापणारी ते हातात धरून सगळ्यांना दाखवायची, "बघा! होतं की नाही? जीव गेला तरी दिलं नाही भवानीनं. लपवून ठेवलं होतं!" आणि सगळ्या माना डोलवायच्या.

या गावात कोंडाई नावाची एक करारी बाई होती. तिचा अंदाज कधी चुकला नाही, असं गाव म्हणायचं आणि तीही म्हणायची. तिची सून साळू. लग्न होऊन आली तेव्हा साळूनं माहेरून एकच गोष्ट आणली होती, ओच्यात घालून एक ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू. त्या पिल्लाची झाली चितळी. सासरी साळूचं म्हणावं असं तेवढंच होतं.

घरात साळूलाही रुसकीच म्हणत. दर महिन्याला दोन-तीन दिवस ती जात्याशेजारी पोटाशी गुडघे घेऊन बसायची. कोंडाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बसली बाई रुसून."

एके सकाळी कोंडाईनं चितळीला चाचपलं. "हिला आज आहे," म्हणाली आणि तिला झाकलं. संध्याकाळी डालगं उचललं तर खाली नुसती माती.

"रुसली," कोंडाई म्हणाली. "चौथ्या दिवशी जावई येतोयच माझा. बरी वेळ साधलीन."

साळू डालग्याजवळ बसली आणि फटीतून पाहू लागली. चितळी बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. पाय फाकवून, चोच उघडी टाकून कुंथत होती. तुरा फिका पडला होता.

या गोष्टीत कोंबडी बोलत नाही. बोलली असती, तर एवढी गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

साळू मनाशी म्हणाली, 'रुसलेलं जित्राब पाठ फिरवतं, टोच मारतं. हिला तर काहीतरी करायचंय आणि ते होत नाहीये.' तिला जात्याशेजारची आपली जागा आठवली. ती उठली आणि तडक गावाच्या सुईणीकडे गेली. अर्ध्या गावाला या म्हातारीनं जगात आणलं होतं.

"आजी, एक अडलीये. चला."

सुईण लगबगीनं उठली. "कुणाची गं? कितवी खेप?"

"माझी चितळी."

सुईणीनं कपाळाला हात लावला. "अगं ए वेडे! आता कोंबड्यांची बाळंतपणं करू होय मी? म्हातारपणी हेच राहिलं होतं?"

"हसा, पण सांगा. एखादी बाई अडली, दोन दिवस झाले, तर तुम्ही काय म्हणता? रुसली म्हणता? पाणी तोडता तिचं?"

सुईणीचं हसू हळूहळू विरलं. या हातानं तिनं शेकडो पोटं चाचपली होती. पण कोंबडीच्या पोटाचा विचार तिनं कधीच केला नव्हता. मग ती म्हणाली, "सकाळी येते. तोवर तिला पाणी पाज. चोरून का होईना."

"चोरून कशाला?" साळू म्हणाली आणि गेली.

सकाळ झाली. भर अंगणात, सगळ्यांच्या देखत साळूनं चितळीला पाणी पाजायला डालगं उचललं.

"ठेव ते खाली!" कोंडाई ओरडली. "सून रुसकी, कोंबडी रुसकी. एकीनं दुसरीची बाजू घ्यायची!"

"आत्याबाई, मला आजचा दिवस द्या."

"आणि नाही घातलं तर?"

साळूनं चितळीकडे पाहिलं. चितळीचे डोळे मिटत होते. "तर मी माझ्या हातानं कापीन."

"सगळ्यांनी ऐकलंय हो," कोंडाई म्हणाली. "दिवस मावळेपर्यंत." आणि तिनं सुरी आणून ओट्यावर ठेवली.

तोवर सुईण आली होती आणि कुडाकडेला शेजारणी जमल्या होत्या. सुईणीनं पसरट घमेल्यात पाणी ओतवलं आणि आपलं कोपर त्यात बुडवून पाहिलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी ती असंच पाहायची. मग तिनं चितळीला पोटापर्यंत त्या कोमट पाण्यात बसवलं.

"अगं बाई, कोंबडीला न्हाणं!" एक शेजारीण म्हणाली.

"आता पाळणा बांधा!"

"आणि बारशाला आम्हाला बोलवा, काय कोंडाई!"

कोंडाईचा चेहरा लाल झाला. साळूनं मान वर केली नाही. ती पाणी निवलं की गरम पाणी मिसळत राहिली. चितळी आधी धडपडली, मग तिची मान सैल झाली आणि ती शांत बसली. घटकाभरानं सुईणीनं तिला काढली, पंच्यानं टिपली, बोटाला करडईचं तेल लावून अंडं यायच्या वाटेला आत-बाहेर हलक्या हातानं चोळलं. चुन्याची निवळी पाण्यात घालून थेंब थेंब चोचीच्या कडेनं पाजली. मग तिनं तेच डालगं मागितलं. खाली मऊ पेंढा, बाजूला पाण्याची वाटी, वर गोणपाट, म्हणजे आत ऊब राहील आणि अंधार राहील.

"आता सगळ्या गप्प बसा," ती म्हणाली. "अडलेलीच्या खोलीत कुणी दात काढतं का?"

दुपार झाली. डालग्याखाली काही नव्हतं. चितळी तशीच कुंथत होती. कोंडाई सुरीकडे बघत होती, साळू उन्हाकडे.

शेवटी साळूला राहवेना. तिनं चितळीला उचललं. "आजी, अंडं हाताला लागतंय. दाबते आणि काढते एकदाचं."

सुईणीनं तिचं मनगट असं धरलं, की तिच्या बांगड्या रुतल्या. "खबरदार! आत फुटलं तर टरफल आतून कापेल आणि ही उद्या नसेल. तू लोकांशी भांड हवं तेवढं. कोंबडीशी घाई करू नकोस."

साळूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा चूल पेटवली. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा तेल, पुन्हा पेंढा आणि अंधार. आता कुडाकडेला कुणी हसत नव्हतं. दोघी-तिघींच्या घरी अशाच कोंबड्या झाकलेल्या होत्या.

ऊन कुडाच्या टोकाशी आलं. कोंडाई उठली. तिनं सुरी उचलली आणि साळूपुढे धरली.

"घे."

साळूनं सुरी घेतली. तिनं दुसऱ्या हातानं डालगं उचललं.

चितळी वाटीत चोच बुडवून पाणी पीत होती. मान वर करून गिळत होती, पुन्हा पीत होती. मागे पेंढ्यात अंडं होतं. मोठं, खरबरीत, त्यावर रक्ताची एक बारीक रेघ.

कोंडाई पुढे झाली. तिनं अंडं उचललं, तशी तिच्या अंगठ्याखाली कवच दबलं आणि त्याला खळगा पडला. इतकं ते पातळ होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. आयुष्यभर तिनं अशी अंडी पोटातून काढून गावाला दाखवली होती. हीच खरबरीत, हीच पातळ कवचाची.

"म्हणजे त्या सगळ्या..." तिनं सुईणीकडे पाहिलं. "त्या सगळ्या लपवत नव्हत्या?"

"नाही गं कोंडाई," सुईण म्हणाली. "मदत मागत होत्या."

कोंडाई ओट्यावर बसली. कधी न चुकणाऱ्या बाईला पहिल्यांदा आपली चूक दिसली, आणि ती एका दिवसाची नव्हती.

मग तिनं विचारलं, "साळू, तू जात्यापाशी बसतेस तेव्हा दुखतं का गं?"

"हो, आत्याबाई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

कोंडाईनं सुनेच्या हातातली सुरी काढून घेतली आणि सुईणीला म्हणाली, "आज हिच्यासाठीही थांब. जेवूनच जा."

चौथ्या दिवशी जावई आला आणि त्यानं पिठलं-भाकरी खाल्ली. चांगली दोनदा मागून खाल्ली.

त्यानंतर गावात पुष्कळ बदललं. अंड्यांची टरफलं दिली तर कोंबड्या आपलीच अंडी फोडून खायला शिकतात, म्हणून गाव आजवर ती ओढ्यात टाकायचं. साळूनं ती भाजून, अगदी बारीक कुटून दाण्यात मिसळली, म्हणजे कोंबडीला ओळखू येणार नाहीत. ओढ्यातले शिंपलेही कुटले. अंड्यांची कवचं टणक झाली आणि अडणाऱ्या कोंबड्या कमी झाल्या. खोटं कशाला सांगू, सगळ्याच वाचल्या नाहीत. एका शेजारणीनं घाईनं दाबलं आणि अंडं आत फुटलं. एकीच्या कोंबडीचं पोट पाण्यानं भरलं होतं, तिथं कुणाचाच इलाज चालला नाही. एका कोंबडीची अंडं यायची वाट मागून लालभडक बाहेर आली होती आणि इतर कोंबड्या तिला टोचत होत्या. तिला वेळेवर वेगळी ठेवली, धुऊन, तेल लावून हळूच आत सारली, आणि ती जगली.

पण त्या गावात पुन्हा कुठल्या कोंबडीचं पाणी कुणी तोडलं नाही. सकाळी चाचपताना बायका अजून म्हणत, "हिला आज आहे," "हिला आज नाही." संध्याकाळी कुणाचं डालगं रिकामं निघालं, तर सगळ्यांत आधी पाणी गरम करायला कोंडाई धावायची. कुणी चुकून "रुसली" म्हणालं, तर ती जागीच थांबून म्हणायची, "हात लावून पाहिलंस का?"

मुक्या दुखण्याला रुसवा म्हणणं सोपं असतं. शहाणा तो, जो बोल लावण्याआधी हात लावून पाहतो.