भिवराचं पागोटं

आज शेवरवाडीच्या पारावर जो पिंपळ आहे, त्याचा आजा रोपटं होता, तेव्हाची ही गोष्ट.

गावात न्हाव्याच्या घरी भिवरा नावाची सून होती. त्या काळी कुणाला लागलं-खुपलं, की न्हाव्यालाच हाक जायची. सासरा थकला, तशी भिवराच जखमा बांधू लागली. तिचा हात असा हलका, की पट्टी बांधून व्हायच्या आत माणसाला झोप लागायची, असं म्हणतात.

एके दिवशी शत्रूची फौज घाट चढून आली. गावावरच्या शेवरखिंडीत आपल्या मूठभर शिपायांनी ती अडवली. बाया-पोरं कपडालत्ता गाठोड्यांत बांधून रानात पळाली. भिवरा मात्र हळद आणि तूप घेऊन खिंडीत चढली. घरातली धडुती संपली, तिच्या लुगड्याचा पदर संपला, तरी जखमा संपेनात. कापडावाचून शिपाई डोळ्यांदेखत रक्त वाहून मरू लागले. ते गेले की खिंड जाणार, खिंडीमागून गाव जाणार.

भिवरा धावत खाली आली. पारावर पाटील आणि गावचे म्हातारे बसले होते.

"पाटील, पागोटी द्या. जखमा बांधायला चिंधी उरली नाही."

"शुद्धीवर आहेस का गं?" पाटील गरजला. "पागोटं म्हणजे गावाची अब्रू!"

सासरा पुटपुटला, "सूनबाई, थोरांपुढं असं बोलू नये. घरी जा."

"मामंजी, थोर इथं बसलेत आणि पोरं तिकडं मरतायत."

"आम्ही विचार करतो," पाटील म्हणाला.

"करा की. डोकं मोकळं असलं की विचार बरा सुचतो," असं म्हणत भिवरानं त्याचं पागोटं ओढलं आणि ती खिंडीकडे सुटली.

पुढं जे झालं ते नवलच. ती पट्ट्या फाडत राहिली आणि पागोटं उलगडत राहिलं, पण त्याचं दुसरं टोक काही येईना. गोळ्या तिच्या केसांतून गेल्या, पण केस तुटला नाही. आपला की परका, हे तिनं विचारलं नाही. रक्त दिसलं की बांधलं. पट्टी बसली की आपला शिपाई उठे आणि तलवार घेऊन पुन्हा उभा राही. पाडलेली माणसं पुन्हा उठताना पाहून शत्रूचा धीर खचला. दिवस कलायच्या आत फौज घाट उतरून पळाली, असं म्हणतात.

मग त्या शिपायांचा सरदार मानाचं जरीचं पागोटं घेऊन आला. पाटलानं लगबगीनं बोडकं डोकं पुढं केलं. सरदार त्याला वळसा घालून गेला आणि त्यानं ते भिवराच्या डोक्यावर बांधलं. शिपायांनी असा जयजयकार केला, की शेवरीची फुलं अवेळी उमलली.

"मान पावला, सरदार," भिवरा म्हणाली. "पण अजून दोघांचं रक्त वाहतंय." आणि तिनं तिथंच जरीचं पागोटं सोडून टरकन फाडलं.

आजही यात्रेच्या दिवशी शेवरवाडीत मानाचं पागोटं पाटलाला मिळत नाही. वर्षभरात ज्यानं कुणाचा जीव वाचवला असेल, त्याच्या डोक्यावर ते बांधतात. गेल्या साली ते दवाखान्यातल्या नर्सबाईंना बांधलं. मग ते फाडून त्याची एकेक पट्टी घरोघर नेतात. त्या दिवशी गावानं बांधलेल्या भिवराच्या देवळीपुढं पुरुष बोडक्या डोक्यानंच उभे राहतात. एखादा म्हातारा अजूनही कुरकुरतो. मग कुणीतरी पोरगी त्याचं पागोटं ओढून पळते, आणि सगळी यात्रा भिवराच्या नावानं आरोळी ठोकते.