टिचकीपुरती पकड

त्या मुलुखाच्या मधून एक नदी वाहत असे, आणि नदीवरचा पूल दर पुरात वाहून जात असे. पूल पुन्हा उभा करायचा तर आधी एका बाणाने बारीक दोरा घेऊन पलीकडे जायचं. पलीकडची वानरं दोरा ओढून घेत. दोऱ्यामागून सुतळी जाई, सुतळीमागून दोरखंड, आणि पूल तयार होई. गेलेला बाण पलीकडेच संसार थाटी, पण पूल असला की सणासुदीला आईला भेटायला येई.

बाणांची आई म्हणजे धनुष्याची दोरी. तिला सगळे दोराई म्हणत. धनुष्य वाकोबा तिचा नवरा. ती ओढली गेली की आपण वाकायचं, एवढाच त्याचा संसार. आणि ओढायचं काम एका म्हाताऱ्या अस्वलाकडे होतं.

बाण पाठवण्यापूर्वी एक रीत पाळली जाई. धनुष्य आडवं धरायचं, बाणाच्या शेपटाची खाच दोराईच्या कमरेत बसवायची आणि त्याला उलटा लोंबकळू द्यायचा. मग अस्वलाने नखाने दोरीला टिचकी मारायची. टिचकीआधीच पडला तर खाच सैल. टिचकीनंतरही चिकटून राहिला तर घट्ट. टिचकीसरशी सुटला, तर पोरगा जायला तयार झाला असं समजत.

एका वर्षी घाईत रीत राहून गेली. खाच सैल होती. ऐन ताणात बाण निसटला, दोराई रिकामीच सुटली आणि वाकोबाच्या पाठीला तडा गेला. बाण पायाशी पडला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण दोराईने धसका घेतला तो घेतलाच. खाच पुन्हा सैल बसू नये म्हणून तिने कमरेला रेशमाचे थरावर थर गुंडाळून घेतले आणि टिचकी बंद करून टाकली. पडणाऱ्या पोराला वरून टिचकी मारायची, ही कुठली रीत, असं ती म्हणे.

बाणांना याचं वाईट वाटलं नाही. दोराईच्या कमरेत कट्कन बसायचं, आणि अस्वलाने हिसडून काढेपर्यंत तिथेच राहायचं, यात सुख होतं. सर्वांत घट्ट बसे तो वेळू, तिचं शेंडेफळ. मात्र त्यानंतर एकही बाण नदीपार गेला नाही. सुटताना प्रत्येक जण क्षणभर अडखळे, शेपूट हलवत जाई आणि अलीकडच्या गवतात पडे. दोष वाऱ्याला देत, पिसांना देत. दोराईला मनातून बरंच वाटे, पोरं लांब तर गेली नाहीत.

पण पूल नव्हता, म्हणून थोरलेही येईनात. पलीकडच्या झाडांत रुतलेली त्यांची शेपटं ती दिवसभर बघत बसे. सण आला की वाकोबाशी उगाच भांडे.

एकदा वेळूही गवतात पडून परत आला. या वेळी तो तिच्या कमरेत शिरला नाही. म्हणाला, "आई, तू सोडतेस तेव्हाही मला तू धरलेलंच असतं."

दोराईला ते झोंबलं. वाकोबाची पाठ बघितलीस का, म्हणून तिने त्याला फैलावर घेतलं. वाकोबा सहसा मध्ये पडत नसे. तो म्हणाला, "अगं, तडा मला गेला. मी तर रोज वाकतोय."

दोराईने त्याच्या तड्याकडे बघितलं. मग तिने अस्वलाला जवळ बोलावलं.

रेशमाचा एक थर निघाला. वेळू लोंबकळला, टिचकी बसली, तो हललाही नाही. आणखी थर निघाले, तसाच राहिला. शेवटचा निघाला आणि वेळू टिचकीआधीच खाली आला. दोराईचा जीव खालीवर झाला. सगळं परत गुंडाळा, असं ती म्हणू लागली. अस्वलाने साध्या सुताचा एकच पातळ थर घातला. वेळू पुन्हा लोंबकळला, आणि राहिला. अस्वलाचं नख दोरीजवळ थांबलं. अस्वल तिच्याकडे बघत होतं.

"मार," दोराई म्हणाली.

वेळू अलगद गवतावर उतरला.

सुटलेलं रेशीमच त्याच्या शेपटाला बांधलं. अस्वलाने दोरी ओढून सोडली. तो गेला तेव्हा दोराईला काही अडखळल्याचं जाणवलं नाही. ती नुसती थरथरत राहिली. वेळू नदीवरून सरळ जाऊन पलीकडच्या खोडात बसला. वानरांनी रेशीम ओढायला घेतलं.

सणाला पूल भरून गेला. वानरांनी थोरल्यांना आणलं, वेळूलाही आणलं, आणि एकेकाला आईच्या कमरेशी टेकवलं. खाचा जुन्या झाल्या होत्या, तरी सगळ्या बसल्या. दिवसभर गप्पा झाल्या. वाकोबाने तड्याची गोष्ट दोनदा सांगितली.

उन्हं कलली. पलीकडची झाडं काळपट दिसू लागली, पण पोरांपैकी कुणी हलेना. अस्वल कोपऱ्यात पेंगत होतं. दोराईने सगळ्यांकडे एकवार नीट बघून घेतलं, आणि त्याला हाक मारली.

"ऊठ रे," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत एकेकाला टिचकी मार."